बॅटरी बदलण्याआधी

उसाचा हंगाम जवळ आला की पावसाळाभर उभ्या असलेल्या ट्रकांची बॉनेटं उघडू लागतात. चावी फिरवली की सेल्फ ‘टक्’ करून गप्प! मालक म्हणतो, बॅटरी गेली. नव्या बॅटऱ्या बसतात आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा धक्क्यावर येते. बॅटरीवर आळ घेण्याआधी पाच मिनिटं मीटर लावायला काय हरकत आहे?

मोठ्या जुन्या ट्रकला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. सकाळी, काहीही चालू करण्याआधी, दोन्ही वेगवेगळ्या मोजा. १२.६ च्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.९ च्या खाली रिकामीच. मग इंजिन चालू करून दोन्ही मिळून मोजा. साधारण २७.५ ते २८.५ हवेत. २५ वरच अडलं तर चार्जिंग होत नाही. २९ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. बॅटरीतलं पाणी सारखं आटतं ते त्यामुळेच.

दोन बॅटऱ्यांत मोठा फरक दिसला, एक १२.६ आणि दुसरी ११.८, तर आधी टेपची वायर शोधा. टेप आणि मोबाइलचा चार्जर बाराचे, गाडी चोवीसची. मग कुणीतरी एकाच बॅटरीवरून वायर ओढतो, बहुधा अर्थकडच्या. कारखान्याच्या गेटवर रांगेत रात्रभर गाणी वाजतात ती तिच्याच जिवावर. दोघींना चार्जिंगचा करंट मात्र सारखाच मिळतो. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एकाला अर्धपोटी ठेवावं, तसा हा प्रकार. वापरलेली कधी पुरती भरत नाही आणि न वापरलेली जास्त चार्ज होऊन पाणी खाते. शेवटी दोन्ही जातात. उपाय सोपा आहे: चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर बसवा. आणि बदलायच्याच असतील तर दोन्ही एकदम बदला. एक जुनी, एक नवी ही काटकसर अंगाशी येते.

चार्जिंगच होत नसेल तर आधी पट्टा बघा, सैल आहे का. मग डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की तो लागलाच पाहिजे. कित्येक जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट या दिव्यातूनच मिळतो. बल्ब उडाला की अल्टरनेटर धडधाकट असूनही चार्जिंग सुरू होत नाही, आणि दिवा दिसत नाही म्हणून ड्रायव्हर निर्धास्त! मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला तर मधे कुठलातरी जोड गंजलाय. अर्थचीही तीच तऱ्हा. चासीला हौसेनं रंग दिलेला असतो आणि अर्थचा बोल्ट त्या रंगावरच कसलेला असतो. तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत करा.

आता रात्रीत उतरणारी बॅटरी. मायनसची वायर सोडवून मधे अँपिअर मीटर लावा. सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल. इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या जुन्या गाडीत काटा जवळजवळ शून्यावर हवा. नसेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला काटा पडतो, चोर त्याच लाइनवर. केबिनमधला दहा वॉटचा दिवा ०.४ अँपिअरच खातो, पण तीन दिवस विसरला तर ३० अँपिअर-तास गेले. सगळे फ्यूज काढूनही काटा पडत नसेल तर बहुधा अल्टरनेटरचा डायोड गळतोय. त्याची जाड वायर बहुतेक गाड्यांत फ्यूजमधून जातच नाही. रात्रभर उभ्या गाडीचा अल्टरनेटर सकाळी हाताला कोमट लागला, तर आणखी पुरावा नको.

आणि रस्त्याकडेला कुणी ‘इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढून बघतो’ म्हणालं, तर त्याला बॅटरीला हात लावू देऊ नका. त्या एका झटक्यात चांगले डायोड आणि रेग्युलेटर उडतात.