वाळूंतील मुळें



आज आपणांपुढें आम्ही जयश्री मजुमदार हार्ट यांचा १९९८ सालचा ‘रूट्स इन द सँड’, म्हणजे ‘वाळूंतील मुळें’, हा माहितीपट ठेवीत आहों. विसाव्या शतकाच्या आरंभीं पंजाबांतून कॅलिफोर्नियाच्या इंपीरियल खोऱ्यांत गेलेल्या शेतकऱ्यांची व त्यांच्या मेक्सिकन पत्नींची ही कुटुंबकथा आहे. वर्णभेदाच्या कायद्यामुळें गौरवर्णीयांशीं विवाह त्यांस दुष्कर होता. तो कायदा तेथील न्यायालयानें १९४८ सालीं रद्द ठरविला. हिंदी लोकांस नागरिकत्वाचें द्वार १९४६ सालीं उघडलें.

पिता बहुधा शीख, माता कॅथलिक. मुलांचा बाप्तिस्मा चर्चमध्यें होई, आडनांव सिंग राही. पित्याचे पंजाबी सोबतीही धर्मपिता म्हणून उभे राहत. बाहेर मात्र त्या मुलांस अर्धवट परकीं लेखणारे भेटत.

मनुष्याचे असे अर्धे वाटे करण्याची खोड आपल्या घरींही आहे. म्हणून आमची विनंति एवढीच: चित्रपट संपतांच उठूं नये. ज्या आजीचें मूळ कुळ आपल्या घरांत कधीं उच्चारलें जात नाहीं, तिचें नांव जाणत्यांनीं आज नातवंडांस सांगावें. पडद्यावरील परक्या मातेस मान द्यावा आणि घरच्या आजीस वगळावें, हें आपणांस शोभणारें नाहीं.