वॉर्डात आणि मिरवणुकीत



नर्सिंग कॉलेजच्या व्यासपीठावर नाइटिंगेल बाईंचं नाव घेतलं जातं आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरो शहरातल्या एका नर्सबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव दोना इवोनी लारा. सांबा हे त्या देशाचं जीव की प्राण असलेलं संगीत, आणि त्याच्या मोठ्या रचनाकारांत या बाईंचं नाव आहे.

त्यांचे वडील गिटार वाजवत, आई गात असे. दोघंही लवकर गेले. इवोनी वसतिगृहाच्या शाळेत वाढल्या. तिथे त्यांना संगीत शिकवायला होत्या लुसीलिया, म्हणजे थोर संगीतकार व्हिला-लोबोस यांच्या पत्नी. सुट्टीत घरी आलं की मामा-काकांच्या बैठकीत कवाकिन्यो हे चार तारांचं छोटं वाद्य हाती यायचं. बारा वर्षांच्या असताना भावंडांनी त्यांना एक लाल पक्षी दिला आणि त्या पक्ष्यावर त्यांनी पहिलं गाणं रचलं.

पण पोट गाण्यावर भरणार नव्हतं. त्या नर्स झाल्या, पुढे समाजसेविकेचं शिक्षण घेतलं आणि एंजेन्यो दि देंत्रो भागातल्या मनोरुग्णालयात डॉ. नीझी दा सिल्व्हेरा यांच्याबरोबर काम करू लागल्या. त्या काळी मनोरुग्णांना विजेचे झटके देत, मेंदूवर शस्त्रक्रिया करत. नीझी यांनी त्याला ठाम नकार दिला आणि रुग्णांच्या हाती रंग, कुंचले, माती दिली. त्या चित्रांचं संग्रहालय १९५२ साली उभं राहिलं, ते आजही आहे. इवोनी यांनी या रुग्णालयाच्या वॉर्डात वाद्यं आणि गाणं आणलं. ज्यांना घरचे विसरून गेले होते, अशा रुग्णांच्या नातलगांचा शोध घ्यायला त्या गावोगाव जात. ड्यूटीचा चार्ट भरून झाला की काम संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही. त्यांच्या सगळ्या आयुष्यात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. रिओमध्ये कार्निव्हलच्या मिरवणुकीसाठी वस्तीवस्तीत सांबाची मंडळं असतात, वर्षभर तयारी चालते. इवोनी यांचे सासरे अशाच एका मंडळाचे अध्यक्ष होते. पुढे १९४७ साली 'इंपेरिओ सेर्रानो' हे नवं मंडळ निघालं आणि त्या तिथल्याच झाल्या. पण गाणी रचणं पुरुषांचं काम समजलं जाई. म्हणून त्यांची गाणी फुलेइरो हा त्यांचा नात्यातला भाऊ आपली म्हणून मंडळात ऐकवायचा. लोक वाहवा करायचे आणि बाई मागे बसून ऐकायच्या. हे वाचताना मला आजही राग येतो.

१९६५ साली रिओ शहराला चारशे वर्षं झाली. त्या वर्षी मंडळाच्या मिरवणुकीचं गाणं सिलास दि ऑलिव्हेइरा आणि बाकाल्याउ यांच्यासोबत इवोनी यांनी रचलं, आणि या वेळी ते त्यांच्या स्वतःच्या नावावर गेलं. मंडळाच्या रचनाकारांच्या गटात बसणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तोपर्यंत त्यांनी चाळिशी ओलांडली होती. नोकरी चालूच होती. वार्षिक रजा त्या कार्निव्हलच्या दिवसांत घेत.

१९७७ साली त्या निवृत्त झाल्या आणि १९७८ साली त्यांचा पहिला स्वतंत्र अल्बम आला. त्याच वर्षी देल्सिओ कार्व्हाल्यो यांच्यासोबत रचलेलं 'सोन्यू मेऊ' हे गाणं मारिया बेतानिया आणि गाल कोस्ता या गायिकांनी गायलं आणि ते देशभर घराघरांत पोचलं. २०१२ साली इंपेरिओ सेर्रानोने आपल्या मिरवणुकीचा विषयच या बाईंचं आयुष्य हा ठेवला. २०१८ साली त्या गेल्या.

तुमच्यापैकी कितीतरी जणी नाइट ड्यूटी करून आज इथे नाचायला उभ्या आहात, हे मघाशी प्राचार्या बाईंनी मला सांगितलं. म्हणून इवोनी यांची गोष्ट सांगायला मला याहून चांगली जागा मिळाली नसती. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या मुलांकडे 'सोन्यू मेऊ' दिलं आहे, ते आता लावतील. शब्द पोर्तुगीज आहेत, ते कळले नाहीत तरी चालेल. मागे वाजणाऱ्या कवाकिन्योकडे कान द्या. आणि त्यानंतर लगेच तुमचा कार्यक्रम सुरू करा, मी पुढच्या रांगेत बसून तो शेवटपर्यंत पाहणार आहे.