हाताला काम, मताला मान



तरुणांनी आपल्या आयुष्याची सूत्रे स्वतःच्या हाती कशी घ्यावीत, या प्रश्नाला महाराष्ट्रात सर्वांत धाडसी उत्तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी दिले, असे माझे मत आहे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये तिचे ठाणे साताऱ्याला हलवले. तिथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले गेले. वेगवेगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, शेतात राबत, आळीपाळीने स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला बसत. भाऊरावांच्या या 'कमवा आणि शिका' योजनेचे नाव घेतले की आपल्याला फक्त फी भागवण्याची सोय आठवते. मला त्यात त्याहून मोठे काही दिसते. आपले भवितव्य सावकार, जात किंवा नशीब ठरवणार, हे खेड्यातल्या मुलाने लहानपणापासून ऐकलेले असे. असा मुलगा निव्वळ दानावर शिकला असता, तर तो उपकाराखाली दबून राहिला असता. पण ज्याने स्वतः पेरले, स्वतः शिजवले आणि ज्याच्या हातचे गावात कोणी खाल्ले नसते त्याच्या शेजारी बसून जेवण केले, त्याला आपल्या कृतीने जग बदलते हे कोणी वेगळे सांगायची गरज उरली नाही. जातिभेदावरच्या शंभर व्याख्यानांपेक्षा ती रोजची पंगत मला मोलाची वाटते.

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. श्रमात गेलेला वेळ अभ्यासातून वजा होतो, हे खरेच आहे; त्यामुळे कामाला मर्यादा हवीच. त्याहून टोकदार प्रश्न असा, की स्वावलंबनाचा उपदेश नेहमी गरिबाच्याच मुलाला का? त्याच्या पाठीवर शिक्षणाचे ओझे टाकून समाजाने आणि सरकारने हात झटकावेत, असा याचा अर्थ होत नाही का? आज 'स्वावलंबन' हा शब्द ज्या सहजतेने वापरला जातो, ते पाहता ही भीती रास्त आहे. पण भाऊरावांनी हात झटकले नव्हते. पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने मुलांच्या जेवणासाठी मोडले गेले, गावोगाव मूठ मूठ धान्य गोळा झाले. खेड्यात शिकवायला माणसे हवीत म्हणून १९३५ मध्ये त्यांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. मुलाने एक पाऊल टाकावे म्हणून समाजाने दहा टाकावीत, असा तो हिशेब होता. आणखी कोणी म्हणेल, नेमून दिलेल्या कामात कसले आले स्वातंत्र्य? या आक्षेपात तथ्य आहे. वसतिगृहाची शिस्त कडक होती. तरीही जबाबदारी पेलल्याशिवाय निर्णय घेण्याचे बळ येत नाही, आणि ती पेलण्याची संधी तिथे कोवळ्या वयात मिळत होती.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण वेगळी आहे. त्याच्या दिवसाचा तास न् तास क्लास आणि चाचण्यांनी भरलेला असतो. कोणती शाखा घ्यायची, हे अनेक घरांत त्याचे मत न विचारताच ठरते. भाऊरावांच्या विद्यार्थ्याकडे साधने नव्हती. याच्याकडे साधने आहेत, पण निर्णय नाही. कुदळ हाती देऊन हे सुटणार नाही. खरे काम, खरा पैसा आणि चुकण्याची मुभा तरुणांच्या हाती द्यावी लागेल. म्हणून प्राचार्यांना आणि पालकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षी आपल्या या विद्यार्थी संमेलनाचे अंदाजपत्रक विद्यार्थ्यांना करू द्या, खर्च त्यांना ठरवू द्या आणि जमाखर्च त्यांनाच याच मंचावरून वाचू द्या. आणि विद्यार्थ्यांनो, हा अधिकार कोणी दिला नाही, तर तुम्ही तो मागा.