दोष कोणाचा?
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेंतील व्याख्यान)



योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९ व्या अध्यायांत जन्मांध मनुष्यास पाहून शिष्य प्रभूस विचारतात, पाप कोणाचें, ह्याचें कीं ह्याच्या आईबापांचें? प्रभु दोन्ही नाकारितो. तरीहि सातारा-सांगलीकडे बुद्धीनें मागें राहिलेलें मूल जन्मलें कीं हाच प्रश्न अद्याप निघतो, आणि बोट आईकडे वळतें. तिनें ग्रहणांत भाजी चिरली, तिची कूसच खोटी, असें बोललें जातें. वैद्यकशास्त्राचें उत्तर मात्र निराळें आहे.

कांहीं कारणें गर्भधारणेच्या वेळींच ठरतात. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बालकांत बहुधा ४७ असतात, असें जेरोम लेज्यून, मार्थ गोतिये व सहकारी ह्यांनीं पॅरिस येथें १९५९ सालीं प्रसिद्ध केलें. आईचें वय वाढतें तसा हा संभव वाढतो. पण तें जादा गुणसूत्र कोणाच्या पापानें येत नाहीं. लेज्यून हे श्रद्धावान कॅथॉलिक होते. अशा मुलांची सेवा त्यांनीं आयुष्यभर केली, आणि २०२१ सालीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांच्या वीरोचित सद्गुणांस मान्यता दिली.

दुसरीं कारणें गर्भावस्थेंतील होत: मातेस झालेला रुबेला, आयोडीनची उणीव, मद्यपान. तिसरीं प्रसूतीच्या वेळचीं व नंतरचीं: बाळ गुदमरणें, तीव्र कावीळ, मेंदूज्वर. थायरॉइड ग्रंथि जन्मतःच मंद असेल, तर टाचेच्या थेंबभर रक्तावरून तें कळतें. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाल्यास बुद्धि बहुधा वांचते.

आतां आपल्या घरची गोष्ट. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे; इरावतीबाई कर्वे ह्यांनीं नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ सालच्या ग्रंथांत महाराष्ट्रांतील ह्या चालीचा विचार केला आहे. प्रत्येकाच्या अंगीं कांहीं सदोष जनुकें सुप्त असतात. आते-मामे भावंडांत सरासरीनें आठांतला एक हिस्सा जनुकें समाईक असतात, मामा-भाचींत चारांतला एक. दोघांकडे तेंच सदोष जनुक असल्यास प्रत्येक खेपेस चारांत एक इतका विकाराचा संभव असतो. अशा जोडप्यांचीं बहुतेक मुलें निरोगीच निपजतात. तथापि गंभीर जन्मजात विकाराचा धोका सुमारें दुप्पट होतो. आणि असा विकार येतो तेव्हां तो आईकडून व बापाकडून सारखाच येतो. १९८३ च्या धर्मसंहितेचा नियम १०९१ अशा विवाहास अडथळा मानितो. सूट मिळूं शकते. परंतु सुटीसाठीं धर्मगुरूंकडे जाण्यापूर्वीं दोघांनीं डॉक्टरांचा सल्लाहि घ्यावा.

माझी विनंती एवढीच. मुलींस वेळींच रुबेलाची लस टोंचवावी. घरांत आयोडीनयुक्त मीठ वापरावें. प्रसूति दवाखान्यांतच व्हावी. बाळ उशिरापर्यंत मान धरीत नसेल, तर देवाची मर्जी म्हणून स्वस्थ बसूं नये. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाडींत येतें, त्यास दाखवावें.

इतकें करूनहि कांहीं मुलें अशीं जन्मतील, आणि कित्येकांचें कारणहि सांपडणार नाहीं. अशा मुलाची आई मिस्सेला मागच्या बाकावर, लोकांची नजर चुकवून बसते. येत्या रविवारीं तिच्याजवळ जाऊन बसा, आणि मुलास त्याच्या नांवानें हांक मारा.