ताम्हनातलं हिरवं

गणपती जवळ आले की आपल्या घरांत माळ्यावरची ताम्हनं, पळी-पंचपात्रं खाली उतरतात. नक्षीच्या खाचांत हिरवं साचलेलं असतं. चिंच-मीठ लावून आपण ते घासतो, तांबं लखलखलं की विसरतो. आज त्या हिरव्याबद्दलच बोलू.

टेबलावरचा हा खडा मॅलाकाइटचा. आकाराच्या मानानं जड, पण सुरीनं सहज ओरखडा उठेल इतका मऊ. कापून घासला की आत खोडासारखी वलयं दिसतात. रसायनाच्या भाषेत हा तांब्याचा कार्बोनेट. शुद्ध खड्यात वजनाचे शेकडा ५७ भाग तांबंच. आपल्या भांड्यावरच्या हिरव्यात इतर क्षारही मिसळलेले असतात, पण जात तीच.

आपल्याच मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, मलाजखंडची तांब्याची खाण आहे. तिथं खोलवर पिवळट धातुक असतं: तांबं, लोखंड आणि गंधक एकत्र. वरच्या थरात हवा आणि पावसाचं पाणी युगानुयुगं मुरतं, तांबं पाण्यात उतरतं, भेगांमधून झिरपतं आणि कार्बोनेटशी गाठ पडली की हिरवं होऊन बसतं. थरावर थर, म्हणून ती वलयं. खडकावरचा असा हिरवा डाग पाहून जुने लोक तांबं शोधत.

प्राचीन इजिप्तमध्ये याची पूड डोळ्यांना लावत. भट्टीत तापवला की वायू आणि पाणी जाऊन तो काळा पडतो. कोळशाच्या धगीत त्या काळ्यातून लाल तांबं निघतं. रशियात १८३७ च्या आगीनंतर हिवाळी राजवाड्यात मॅलाकाइटचं दालन सजलं. तिथले खांब अखंड वाटतात, पण ते पातळ चकत्या चिकटवून केलेले आहेत. (झारचीही काटकसर! खरं म्हणजे एवढे मोठे, निर्दोष खडे मिळणंच दुर्मीळ.)

आता घरची गोष्ट. आमच्यापैकीच एका घरी पंचामृत रात्रभर तांब्याच्या भांड्यात राहिलं. सकाळी कडेला हिरवट झाक होती. पुसून वाटलं, आणि दोन मुलांना उलट्या झाल्या. आजी ‘कळकलं’ म्हणत, ते हेच. दह्याच्या आंबटपणानं तांबं सुटतं आणि ते पोटाला सोसत नाही. तेव्हा तांब्यात साधं पाणीच ठेवा. पंचामृताला चांदीची नाहीतर स्टीलची वाटी घ्या.

खडा आता रांगांतून फिरवतो आहोत. प्रसाद घेण्याआधी हात मात्र धुवा.