सुट्टीतला रोजचा एक तास

परीक्षा झाल्या, निकाल लागला, आता जूनच्या मध्यापर्यंत शाळेला कुलूप. जवळजवळ दीड महिना. पोरं आंब्याखाली हुंदडतील, मामाच्या गावाला जातील. जाऊ द्या, सुट्टी त्यासाठीच असते. पण या दीड महिन्यात वाचायची सवय मोडते. ज्याला चांगलं वाचता येतं, त्याचं फार बिघडत नाही. दुसरी-तिसरीतलं जे मूल अजून अक्षर लावून लावून वाचतं, ते मात्र जूनमध्ये मागे पडतं. धडा पुढे जातो, त्याला कळत नाही, मग ते वर्गात गप्प बसायला लागतं. त्यातून मुलगी असेल, तर "नाही ना जमत, मग घरात मदत कर" असं आपणच म्हणून मोकळ्या होतो.

गटात हा विषय काढला की बायका म्हणतात, "ताई, मला सहीपुरतंच येतं. मी काय शिकवणार?" आपल्या शेजारच्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवा. तिथे ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, दप्तर घेऊन पाटी गिरवायला बसल्या. त्यांना शिकवणारी गावातलीच सून. आणि घरी आजीचा अभ्यास घ्यायला नातवंडं. आता बघा, आजीला अक्षर समजावून सांगायचं तर नातवाला ते आधी पक्कं यावं लागतं. तुम्हीही मुलाला तेच सांगा, "मला येत नाही, तू शिकव." बघा कसा सरसावून बसतो.

सामान विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्या ठाणे जिल्ह्यातच, बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांना त्यांनी खडे, बिया, पानं, शिंपले घेऊन शिकवलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. आपल्याकडे चिंचोके आहेत. दहा-दहाचे ढीग करा, बेरीज-वजाबाकी अंगणात होते.

टिटवाळ्यात तर गणपतीच्या दूर्वा आहेत. २१ दूर्वांची एक जुडी. पाच जुड्यांना किती दूर्वा लागतील? १०५. बारा जुड्या दहा-दहा रुपयांना गेल्या, तर पैसे किती? गिऱ्हाइकाने दोनशेची नोट दिली, तर परत किती? हे मुलाला तोंडी करू द्या. उत्तर चुकलं तर लगेच सांगू नका, "पुन्हा मोजून बघ" म्हणा.

वाचनासाठी जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या. तुम्ही भाकरी थापता थापता ऐका. वाचून झालं की विचारा, "काय झालं गं त्या गोष्टीत?" तिला आपल्या शब्दांत सांगता आलं, तर तिला समजलं. नुसती अक्षरं म्हटली असतील, तर तेही तुम्हाला तिथेच कळेल. त्याला आपल्याला वाचता यायला लागत नाही. पुस्तक नसेल तर तेलाच्या पिशवीवरची किंमत आणि तारीख वाचू द्या. लोकलने जाताना आंबिवली, खडवली, वाशिंद या पाट्या वाचू द्या.

आता गटाने काय करायचं? पाच-सहा घरांनी मिळून एक ओटी ठरवायची. ऊन तापायच्या आत, सकाळी आठ ते नऊ. आया पाळीपाळीने बसतील. आठवी-नववीतली एखादी ताई किंवा दादा गोष्ट वाचून दाखवेल. मात्र त्या ताईच्या कडेवर धाकटं भावंड देऊ नका. तो तास तिच्याही अभ्यासाचा आहे. जवळच्या वीटभट्टीवर मुलं असतील तर त्यांनाही बोलवा. मारायचं नाही, आणि तास झाला की खेळायला सोडायचं.

पुढच्या बैठकीला एक करून बघा. हजेरी आणि महिन्याची बचत गटातल्या एखाद्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या, बेरीजही तिलाच मारू द्या. कर्जाची पानं तेवढी बाजूला ठेवा. आईचं नाव स्वतः वाचायला मिळालं, की ती पुढच्या बैठकीला न बोलावता येईल.