ताप बाईचा आणि काढा



जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातल्या बायांना झाडपाला कुणी पुस्तकातून शिकवला नाही. ताप आला की गुळवेल, पारिजातकाची पानं, सातविणीची साल, हे घरोघरी उकळतं. या ज्ञानाला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हिवतापावरचं क्विनीन सिंकोनाच्या सालीतूनच आलं. चीनच्या तू यूयू या बाईंनी आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचा जुना उपाय तपासला. उष्णतेनं तिचा गुण जातो हे ओळखून त्यांच्या गटानं १९७२ साली शुद्ध औषध वेगळं केलं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे झाडपाल्याचा मान राखायचा तर तो तपासायलाही हवा.

आता आपल्या घरात बघू. भाताच्या आवणीत गड्याला ताप आला तर गाडी करून दवाखाना गाठतात. बाईला मात्र काढा, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि तिचा दिवस मोडत नाही. तीही म्हणते, "उतरेल आपोआप." हिवताप पुष्कळदा एक दिवसाआड येतो. मधल्या दिवशी अंग गार लागतं, काढा लागू पडला असं वाटतं आणि ती पुन्हा चिखलात उतरते. जंतू रक्तात तसेच राहतात. फाल्सिपेरम जातीचा हिवताप मेंदूपर्यंत गेला तर जीव जातो.

म्हणून थंडी वाजून ताप आला की आधी रक्त तपासायचं. आशाताईकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून बसतात, म्हणून प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्यायच्या. ताप उतरला म्हणून त्या मध्येच सोडू नका. गरोदर बाईला ही गोळी चालत नाही, तेव्हा दिवस गेले असतील तर आधी सांगा. काढाही बेतानं घ्या. गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केल्या आहेत.

पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत आपण दोन गोष्टी मागू या. आशाताईकडे तपासणीचे संच पुरेसे हवेत आणि प्रत्येक तापाची तपासणी २४ तासांत व्हायला हवी. घरातही ठणकावून सांगू या, की तापलेल्या बाईची आवणी एक दिवस थांबली तरी चालेल, तिचं रक्त आजच तपासलं पाहिजे.